पट्टा पुरेल तिथेच सुट्टी

पडदा वर जातो. मंचावर एक लांबलचक टेबल, त्यावर खाकी कागदाचा गठ्ठा, बाजूला तीन शिवणयंत्रं. मागे तारेवर ओळीनं लटकलेले राजे, सरदार, दोन साधू आणि एक अर्धवट शिवलेला राक्षस, सगळेच बिनमुंडक्याचे. खिडकी उंचावर, आणि तिच्यातलं दुपारचं ऊन नेमकं टेबलावर पडलेलं. या सगळ्याच्या मधोमध, जमिनीवर मांडी घालून, ओठांत पाच टाचण्या धरून, एक बाई फोनवर बोलते आहे.

"सीटची रुंदी सांगा."

पलीकडची मुलगी काहीतरी लांबण लावते.

"चाळीस राइड असतील हो तुमच्याकडे. मला एकच हवी आहे. पण ती माणसाला बसायला हवी."

ही आमच्या नाटक मंडळीची टाचणीबाई. कपडेपट तिच्या ताब्यात एकतीस वर्षं. पाळण्यातलं नाव काही वेगळं असेल, पण पगारपत्रक सोडलं तर ते कुठं कुणी वाचलेलं नाही. तोंडात टाचण्या धरून इतकं स्वच्छ बोलणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही. आमच्यातल्या निम्म्या नटांची तोंडं रिकामी असायची, तरी तिसऱ्या रांगेच्या पुढं शब्द जात नसे.

मी नाटकात काम करणं सोडल्यावरही दुपारी तिथं जाऊन बसायचो. तिनं कधी 'का आलात' विचारलं नाही. बटणांचा डबा पुढं सरकवायची आणि म्हणायची, "बसलाच आहात तर काळी वेगळी काढा." त्या दिवशीही मी काळी बटणं वेगळी काढत होतो. फोन ठेवून तिनं खाकी कागदावर पेन्सिलीनं एक चौकोन काढला आणि त्यावर फुली मारली.

"हे दुसरं पार्क गेलं," ती म्हणाली. "इथं पाण्यावरच्या घसरगुंड्या आहेत. रबरी टायरवर बसवतात आणि आधी वजनकाट्यावर उभं करतात. सगळ्यांच्या देखत. तिथं नेणार नाही मी त्यांना."

'त्यांना' म्हणजे नवऱ्याला. हे गृहस्थ बेकरीच्या भट्टीवर काम करतात. देह भरभक्कम. दारातून आधी पोट येतं, मग हसू, मग ते स्वतः. पण या देहात लहानपणापासून एक वारं शिरलेलं. जत्रेतला पाळणा असो की बागेतला झोका, सगळ्यात उंच टोकाला जाऊन तिथून खाली पडल्यासारखं वाटलं पाहिजे. लेकीनं हे वेड जसंच्या तसं उचललं. ती सोळा वर्षांची, बापाच्या एक तृतीयांश रुंदीची, पण किंचाळी बापाचीच. दोघांची सुट्टी म्हणजे रोलर कोस्टर. टाचणीबाईला मात्र स्टुलावर चढून पडदा टांगायचा म्हटलं तरी गरगरतं.

गेल्या वर्षी तिघं जवळच्याच एका थीम पार्कमध्ये गेले होते. दीड तास रांगेत उभं राहून बाप-लेक सीटवर बसले आणि मांडीवरचा लोखंडी दांडा काही अडकेना. दोन पोरांनी जोर लावला. तिसऱ्यानं सांगितलं, "काका, श्वास सोडा." काकांनी होता नव्हता तो सगळा सोडला. मागच्या डब्यांतली माणसं माना वर करून बघत होती. शेवटी काका उतरले, पलीकडच्या दारानं बाहेर आले आणि लेकीची पिशवी धरून बाकावर बसले. वर हसतही होते. घरी परतताना गाडीत म्हणाले, "पुढच्या वर्षापासून तुम्ही दोघी जात जा. मला काय, पिशव्या धरायला कुठंही चालतं." त्यावर लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग मलाही नको."

पुढच्या उन्हाळ्यात लेक शिकायला दुसऱ्या गावी वसतिगृहात जाणार होती. म्हणजे तिघांची एकत्र सुट्टी आता ही एकच. आणि माणूस एकदा बाकावर बसायला शिकला की त्याला तिथून उठवणं फार अवघड, हे टाचणीबाईला कळत होतं. तिनं मला एवढंच सांगितलं, "यंदा ते बसणार. कुठं, ते मी शोधते."

लोक थीम पार्क निवडतात ते चित्रं बघून. कुठला कोस्टर किती उंच, किती वेळा उलटा होतो, हॉटेल किती लांब. टाचणीबाईनं निवड केली ती सीट मोजून. कपडा शिवायचा तर अंग मोजतात, मग अंग बसवायचं तर खुर्ची मोजायला नको का, हा तिचा सवाल. चार पार्कांना तिनं फोन केले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, आमच्या राइड सर्व वयोगटांसाठी आहेत.

"वयाचं नाही विचारत मी, घेराचं विचारते."

"मॅडम, घेर म्हणजे उंचीच ना? उंचीची पट्टी गेटवर लावलेली आहे."

"तुमच्या आईला फोन द्या."

तिसरं पार्क मांडीवरच्या दांड्याचंच होतं, म्हणून बाद. चौथ्या ठिकाणी तिनं फोन उचलणाऱ्या मुलीला ओलांडून थेट देखभाल विभाग गाठला. तिथला मेकॅनिक हातात पाना घेऊन बोलत असावा, मागे ठोकाठोक ऐकू येत होती. त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही सीट शिवता का?" ती म्हणाली, "वेळ आली तर तेही करीन." मग मात्र तो माणूस जाऊन खरंच मोजून आला. मोठ्या कोस्टरला मांडीवर दांडा नाही, कमरेला पट्टा आहे. पट्टा पूर्ण सोडला तर अठ्ठेचाळीस इंच घेराला पुरतो. पार्क लांब, रेल्वेनं सात तास. टाचणीबाईनं त्या चौकोनाभोवती गोल काढला.

आता फक्त नवऱ्याचं माप घ्यायचं राहिलं. ते तिनं घरी घेतलं, लेकीला वही-पेन्सिल देऊन. आकडा आला शेहेचाळीस. अठ्ठेचाळीसमध्ये शेहेचाळीस आरामात बसतात. तिकिटं काढली, रजा घेतल्या, भट्टीवर बदली माणूस लागला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण ते त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तिघांनी एकमेकांची वाक्यं तोडत मला इतक्या वेळा सांगितलं आहे, की जागा कुठली आणि कोण कुठं उभं होतं हे मला पाठ आहे.

मोठ्या कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी एक नमुन्याची सीट ठेवलेली असते. आधी इथं बसून बघा, मग रांगेत या. काका ऐटीत बसले. लेकीनं पट्टा ओढला. पट्टा आला, पोटाच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. बकलात आणि टोकात चार बोटांचं अंतर.

"पुन्हा ओढ," टाचणीबाई म्हणाली.

"आई, संपला पट्टा."

लेकीनं खिशातून वहीचं पान काढून पुढं धरलं. "हे बघ, तूच सांगितलंस. शेहेचाळीस."

टाचणीबाईनं पान हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

इथं मला कपडेपटातली एक पद्धत सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी आमच्या एका राजानं प्रयोगाच्या आठवडाभर आधी स्वतःच्या कमरेचा आकडा ऐकला, अन्नपाणी सोडलं आणि दुसऱ्या अंकात सिंहासनावरून घसरून पडला. तेव्हापासून टाचणीबाईनं ठरवलं, की नटाला खरा आकडा ऐकवायचा नाही. ती मोठ्यानं कमी आकडा सांगायची आणि लगेच नटाच्या खांद्यावर बोटानं टिचक्या मारायची. लिहून घेणारी बाई कागदाकडं न बघता त्या बोटाकडं बघायची. जितक्या टिचक्या, तितके इंच वाढवून ती लिहायची. नट खुश, कपडा बरोबर. माझी स्वतःची कंबर वीस वर्षं तसूभरही वाढली नव्हती, यावर माझा पूर्ण विश्वास होता.

घरी नवऱ्याच्या पोटाभोवती टेप धरल्यावर तिची जीभ आणि तिचं बोट सवयीनं चाललं. पण लेक वहीकडं बघून लिहीत होती.

"अहो," टाचणीबाईनं हळूच विचारलं, "मी तुमच्या खांद्यावर टिचक्या किती मारल्या होत्या?"

"सहा," काका म्हणाले. "मला वाटलं, लाडानं मारतेस."

शेहेचाळीस आणि सहा, बावन्न. पट्टा अठ्ठेचाळीसचा.

मागे रांग तटली होती. काका सीटवरून उठायला लागले. चेहऱ्यावर तेच गेल्या वर्षीचं हसू. "असू दे गं. एवढ्या लांब आलो, हवा छान आहे. तुम्ही दोघी जा, मी तिथं सावलीत..."

"बसा," ती म्हणाली.

"अगं, लोक थांबलेत."

"थांबू देत. बाकाकडं बघू नका. चूक माझ्या बोटाची आहे, तुमच्या पोटाची नाही."

तिनं पर्समधून टेप काढला. टेप घरी ठेवून ती कुठंच जात नाही, लग्नालाही नाही. काका कुजबुजले, "इथं नको ना. सगळे बघतायत." पण ती वाकली, टेप फिरवला, आणि त्या घसरलेल्या राजानंतर पहिल्यांदा एका पुरुषाचं माप त्याच्या तोंडावर खरं बोलली. तेही नाटकात काढतात तशा आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"बावन्न. दादा, बावन्न इंचांना कुठली सीट बसेल?"

हा प्रश्न राइडवरच्या कर्मचाऱ्याला होता. तो गोंधळला. नियमाची पाटी दाखवू लागला. काकांनी डोळे मिटून घेतले होते. लेक सांगते, त्यांचे कान लाल झाले होते. रांगेतली दोन पोरं हसली. आणि तेवढ्यात मागून एक जाडाभरडा आवाज आला.

"मी चोपन्नचा आहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. ट्रक चालवणारा एक दणकट गडी, खांद्यावर त्याची चिमुरडी भाची. "गेल्या महिन्यात बसलोय याच्यावर," तो म्हणाला. "चौथ्या रांगेत दोन सीट वेगळ्या आहेत, पट्टा लांब आहे. हे लोक आपणहून सांगत नाहीत. विचारायला लागतं. आणि आपल्यासारख्याला विचारायची लाज वाटते, त्यामुळं त्या सीटवर बारकी माणसं जाऊन बसतात."

"हो, आहे चौथी रांग," कर्मचारी म्हणाला. "पण तिच्यासाठी वेगळं थांबावं लागेल."

"किती वेळ?" टाचणीबाईनं विचारलं.

"चाळीस मिनिटं. तासही लागेल."

"कपडेपटात मी पावणेतीन तासांची नाटकं उभ्यानं काढली आहेत. थांबू."

काका अजून सीटवरच होते. ट्रकवाला पुढं येऊन म्हणाला, "उठा भाऊ, मी पण चौथ्याच रांगेचा. तुमच्या नंतरच्या फेरीत बसतो." मग काका उठले. टाचणीबाई सांगते, उठताना त्यांनी शर्ट पोटावर खाली ओढला नाही. तो ओढणं ही त्यांची तीस वर्षांची सवय. बाकीच्या कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं.

रांगेतल्या तासाभरात त्या दोघा पुरुषांचं जे जमलं, ते विचारू नका. कुठल्या बसची कुठली सीट रुंद, कुठल्या सिनेमागृहातल्या खुर्चीचा हात वर उचलता येतो, कुठल्या दुकानात शर्टाचं शेवटचं बटण लागतं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं यावर पुस्तक लिहा." भाचीनं विचारलं, "चित्रं असतील?" आणि टाचणीबाई कठड्याला टेकून, वर धडधडत जाणाऱ्या डब्यांकडं अजिबात न बघता, उभी होती.

चौथी रांग आली. काका बसले, शेजारी लेक. पट्टा ओढला आणि बकल खट्कन लागलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. कर्मचाऱ्यानं पट्टा एकदा हिसडून पाहिला आणि अंगठा वर केला. काकांनी लेकीचा हात धरला. गाडी चढावर निघाली, माथ्याशी क्षणभर थांबली, आणि मग खाली आली. टाचणीबाईनं डोळे मिटले होते, पण कान उघडे होते. म्हणते, "एवढ्या सगळ्या आरड्याओरड्यात दोन किंचाळ्या मला ओळखू आल्या. दोन्ही एकाच सुरातल्या."

बाप-लेक खाली आले तेव्हा काकांचे केस उभे राहिले होते. डोळे बायकोला शोधत होते. आणि बायको जागेवर नव्हती. पिशव्या ट्रकवाल्याच्या भाचीच्या स्वाधीन करून ती निघून गेली होती. दोघांनी शोधाशोध केली. अर्ध्या तासानं ती उन्हातून लालबुंद होऊन आली, गळ्यात टेप, हातात पार्कचा नकाशा, आणि नकाशाभर पेन्सिलीच्या फुल्या आणि गोल. तेवढ्या वेळात तिनं पार्कमधल्या सगळ्या मोठ्या राइडच्या नमुन्याच्या सीट मोजल्या होत्या. एका ठिकाणी तिला हटकलं, तर ती म्हणाली होती, "शिवणकामाची बाई आहे, मोजू द्या."

काका बाकावर बसून पाणी पीत होते. लेक म्हणाली, "आई, जरा टेक ना. बाबांना दम तर खाऊ दे." काका म्हणाले, "एक झाली ना गं, पुष्कळ झाली. माझं मन भरलं."

टाचणीबाईनं नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला आणि त्यावर बोट ठेवलं.

"या चार राइड बसतात. हा उंच मनोरा बसत नाही, त्याच्याकडं बघायचं नाही. इथं मधली सीट मागून घ्यायची, आणि मागताना आकडा मोठ्यानं सांगायचा, मी सोबत येणार नाही. पार्क सहाला बंद होतं. उठा."