आईने आज आडू आणि चक्का खाल्ला

मित्रहो, फ्रान्स देशातील समस्त पाककर्त्यांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ही मंडळी सँडविचला वरचा ब्रेड देतच नाहीत!

आज दुपारी आमच्या लेकीने, इराने, भाजलेल्या ब्रेडवर चक्का थापला, त्यावर गेटजवळच्या ठेल्यावरून आणलेल्या आडूच्या, म्हणजे आपल्या पीचच्या, फोडी मांडल्या आणि मध सोडला. म्हणाली, "याला टार्टीन म्हणतात."

"अर्धवट कामाला फ्रेंच नाव दिलं की झालं!"

"बाबा यार, खाऊन तर बघ."

मला मात्र आईची गंमत पाहायची होती. आई वैद्यांची मुलगी. दह्याबरोबर फळ म्हणजे विरुद्धाहार, हा तिचा कायदा. गुरुग्रामला आमच्याकडे राहायला आली तेव्हा फ्रीजमधलं आम्रखंड पाहून तिने मला श्लोकांसकट झापलं होतं. म्हणून मुद्दाम पहिली बशी तिच्यापुढे ठेवली आणि व्याख्यानाची वाट पाहत बसलो.

आईने निमूटपणे सगळं संपवलं. "छान झालंय गं," म्हणाली. इरा खूश.

मी डिवचलं, "काय आई, फ्रेंच असला की विरुद्धाहार चालतो वाटतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "विरुद्धाहार म्हणजे काय रे?"

इरा खळखळून हसली. तिला वाटलं, आजी बाबाची फिरकी घेतेय. मला हसता आलं नाही.

परवा आईकडून गॅस चालू राहिला, तेव्हा मी उन्हाळ्याला दोष देऊन मोकळा झालो होतो. आज तसं काही सुचत नाहीये. तुमच्यापैकी कुणी आपल्या आईला 'डॉक्टरकडे जाऊया' हे कसं सांगितलं? आईची स्मृती जाते आहे, असं मला वाटतंय, आणि मी घाबरलो आहे.