ओढीच्या रेषेबाहेर

माझे मामा भित्रे आहेत, हे आमच्या घरात कुणी लपवून ठेवत नसे. मामी तर पाहुण्यांना चहाबरोबरच सांगून टाकायची. "आमच्या ह्यांच्या पायजम्याला इलॅस्टिक चालत नाही, नाडीच लागते. इलॅस्टिक दिसलं की ह्यांच्या पोटात गोळा येतो." सगळे हसायचे. मामाही हसायचे, आणि हसता हसता उठून आतल्या खोलीत जायचे.

गंमत अशी, की हा माणूस तीस वर्षं रबराच्याच कारखान्यात होता. खाणीतून दगड वाहून नेणारे लांबच लांब सरकते पट्टे असतात, ते तुटले की सांधायचे, हे त्यांचं काम. थर सोलायचे, घासायचे, सोल्युशन लावायचं, ते सुकलं की नाही हे बोटाच्या पेरानं पाहायचं, मग थरावर थर बसवून तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून ठेवायचं. त्यांनी जोडलेला सांधा नुसत्या डोळ्यांना सापडत नसे. कारखान्यात त्यांना खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नव्हतं. सगळे म्हणायचे 'जपून', कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दानं संपायचं.

हे भय आलं कुठून, ते मला आईनं सांगितलं होतं. मामा चोवीस वर्षांचे असताना एका खाणीवर ते आणि त्यांचा जोडीदार पट्टा ओढून धरत होते. दोन्ही टोकांना पट्टा घट्ट पकडणारे लोखंडी शिकंजे, मध्ये साखळी. मामा सुरी आणायला दहा पावलं मागं गेले आणि शिकंजा सुटला. पट्ट्याचं टोक परत आलं. मामा वळून पाहतात, तर जोडीदार होता तिथं नव्हता. तो कुठं सापडला, हे आईलाही त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून मामा ताणलेल्या कुठल्याही वस्तूच्या समोर उभे राहत नसत. घरातली कपड्यांची दोरीसुद्धा ते बाजूनं वळसा घालून ओलांडायचे.

आणि मी, त्यांची सख्खी भाची, शिल्पं करायला लागले ती रबराची.

दोष त्यांचाच होता म्हणायचा. मी कॉलेजात असताना एकदा त्यांच्या कारखान्यात गेले होते. त्यांनी ट्यूबची एक पट्टी कापून दिली आणि म्हणाले, "झटकन ताण आणि ओठाला लाव." मी लावली. पट्टी कोमट झाली होती. "आता सैल सोड आणि परत लाव." गार! एखादं जनावर माझ्या हातात श्वास घेतंय असं मला वाटलं. दगड, लाकूड, माती सगळं त्या दिवशी माझ्या मनातून उतरलं. मला हलणारं, ओढलं जाणारं, परत येणारं काहीतरी करायचं होतं.

पुढं काही वर्षांनी शहराच्या वाचनालयानं मला त्यांच्या मधल्या दालनासाठी शिल्प करायला सांगितलं. दालन तीन मजले उंच, वर काचेचं छत. मी कल्पना मांडली: वर एक लोखंडी कडं, खाली एक कडं, आणि दोघांच्या मध्ये रबराच्या चौदा पट्ट्या, दीडपट ताणलेल्या. वरचं कडं एका मोटारीवर हळूहळू डावीकडे वळेल, मग उजवीकडे. पट्ट्या पिळतील, उलगडतील. खालचं कडं जमिनीतल्या विंचनं, म्हणजे दातेरी रहाटानं, ओढून धरलेलं. एकेका पट्टीची ओढ धडधाकट माणसाच्या वजनाइतकी.

सांधे करायला मामांशिवाय कोण होतं? मी कागद पसरून दाखवला. मामांनी तो कितीतरी वेळ पाहिला.

"हे खाली लोक फिरणार?"

"हो. पोरंही येतील."

"आणि हे ताणलेलंच राहणार? कायमचं?"

"मामा, ते ताणलेलं आहे म्हणून तर ते जिवंत दिसेल."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. सांधे मात्र त्यांनीच केले, कारण दुसऱ्या कुणी केले असते तर त्यांना झोप लागली नसती. उभारणीच्या दिवशी विंच आवळताना ते खांबाआड उभे होते. प्रत्येक दाताला कट् असा आवाज यायचा आणि प्रत्येक आवाजाला त्यांचा खांदा उडायचा. मला, खरं सांगते, थोडी लाज वाटली. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई पाहत होत्या.

दालनात अजून रंगकाम चालू होतं, त्यामुळं पाच आठवडे शिल्प बंद दारांआड फिरत राहिलं. उद्घाटन सोमवारी सकाळी दहाला होतं, एका शाळेची चाळीस मुलं येणार होती. रविवारी दुपारी मामा आदल्या दिवशीची तपासणी करायला आले. मी आणि ग्रंथपाल बाई मुलांसाठी खुर्च्या मांडत होतो. मामा शिडीवर चढले, वर मोटारीपाशी टॉर्च लावला आणि एकेक पट्टी जवळून निरखली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मोटार बंद कर."

"का?"

"बंद कर आधी."

मी बटण दाबलं. ते खाली आले. "वरच्या हातभर भागात चिरा पडल्यात. आडव्या. पापणीच्या केसाएवढ्या. सगळ्या पट्ट्यांना."

मी वर जाऊन पाहिलं. चिरा होत्या, पण इतक्या बारीक की मला त्या सुरकुत्या वाटल्या. मी खाली येऊन एका खुर्चीत बसले. "मामा, हे वरवरचं आहे."

"वरवरचं नाही गं. ही ठिणगीवाली मोटार आहे. ठिणगीनं जवळची हवा बिघडते, आणि ती हवा ताणलेलं रबर खाते. सैल रबराला काही करत नाही, ताणलेल्याला चिरत जाते. मी मोटार बघायला हवी होती. मी नुसते सांधे बघितले."

"उद्याचा दिवस तरी निघेल ना?"

"निघेल. किंवा आता पाच मिनिटांत तुटेल. मला सांगता येत नाही."

मी चिडले. तीन वर्षांचं काम होतं ते. जे बोलू नये ते बोलून गेले. "मामा, तुम्हाला कशाची भीती वाटत नाही ते एकदा सांगा. नाडीशिवाय पायजमा घालत नाही तुम्ही!"

ग्रंथपाल बाईंनी मान खाली घातली. "वाटते गं मला भीती," मामा म्हणाले. "रोज वाटते. पण आज वेगळी वाटतेय. तू त्या खुर्चीवरून उठ बघू." मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर जा. दार लावून घ्या. कुणाला आत सोडू नका."

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की बाई पदर सावरत अक्षरशः पळाल्या. मीही उठले आणि दाराला आतून कडी घातली. तोपर्यंत मला राग होता. परत फिरताना मी खालून वर पाहिलं आणि राग विसरले. चौदा पट्ट्या मुकाट उभ्या होत्या, आणि त्यातली कुठली आधी जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कापून मोकळं करता येत नव्हतं. एक कापली की तिचा भार बाकीच्यांवर. विंचच दातादातानं सोडायला हवं होतं. विंच होतं शिल्पाच्या बरोबर पायथ्याशी. एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हातानं दातात अडकलेला खटका उचलायचा. लांबून करायची सोय नव्हती. ती सोय करणं मला सुचलंच नव्हतं.

"मी करते," मी म्हणाले.

"तुला दाताचा अंदाज नाही." मामांनी बाजूला पडलेले रंगाऱ्यांचे गोणपाट उचलले, बादलीत भिजवले आणि शिडीवरून एकेका पट्टीला जमेल तितके गुंडाळून बांधले. तुटलीच तर फटका मवाळ व्हावा म्हणून. गाठी बसत नव्हत्या. गाठ सुटली की ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचे आणि परत बांधायचे. मला त्यांनी खांबाआड उभं केलं. "इथून हलू नकोस. काही झालं तरी."

मग ते विंचपाशी गेले. तीस वर्षं जो माणूस ओढीच्या रेषेत कधी उभा राहिला नव्हता, तो तिथं मांडी घालून बसला. खांबाआडून मला त्यांची पाठ दिसत होती. सदरा घामानं चिकटला होता.

कट्. मग शांतता. कट्. दर दाताला ते थांबायचे आणि वर ऐकायचे. मी मोजत होते. अकरा, बारा. तेराव्या दाताला वर चरचर झाली, जुनं कापड फाटावं तशी.

आवाज मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की गोणपाटाचा ओला तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला, आणि दालनाच्या टोकाला पुस्तकांच्या यादीचं जे लाकडी कपाट होतं त्याचा कप्पा फुटला. पट्टीला कड्याशी धरणारा लोखंडी चिमटा झटक्यानं उखडून त्यात रुतला होता. जाताना त्यानं खुर्च्यांच्या पहिल्या दोन रांगा उलथवल्या होत्या. चिमटा जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर होता. खुर्चीत बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं डोकं तिथं येतं.

"मामा!"

ते बसलेलेच होते. उजवा हात दांड्यावर घट्ट होता, डावा मांडीवर पडला होता. पट्टीच्या फटक्यानं मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली होती. खटका दातात अडकून राहिला होता, नशीब.

"मामा, बाहेर या!"

"मला उठता येत नाही," ते म्हणाले. आवाज लहान मुलाचा होता. "पाय हलत नाहीत. आणि हा दांडा सोडवत नाही."

मी खांबाआडून निघाले. ती पंधरा-वीस पावलं मी कशी चालले कुणास ठाऊक. मी त्यांच्या शेजारी बसले आणि खटका धरला. वर बघायचा धीर झाला नाही.

"मी सांगेन तेव्हाच उचल," मामा म्हणाले. "आणि लगेच सोड."

"हो."

"उचल."

कट्.

"घाबरलीस?"

"खूप."

"मी पण. उचल."

आणखी एक पट्टी तुटली, पण तोवर ताण निम्मा उतरला होता. ती नुसती गोणपाटात फडफडली. एकसष्टाव्या दाताला खालचं कडं हवेत डुलायला लागलं आणि उरलेल्या पट्ट्या ढिल्या पडल्या. मामांनी दांडा सोडला, तोंड बाजूला वळवलं आणि तिथंच उलटी केली. मी त्यांचं कपाळ धरून ठेवलं. मग आम्ही दोघं फरशीवर तसेच पडून राहिलो. बाहेरून बाई दार ठोठावत होत्या, पण उठून कडी काढायचं बळ कुणातच नव्हतं.

हाताला सतरा टाके पडले. उद्घाटन पुढं गेलं. वाचनालयाच्या समितीपुढं मी उभी राहिले आणि मोटार निवडण्यात चूक माझी होती, हे सांगितलं. त्यांनी शिल्प काढून टाका म्हटलं नाही. मीच काढलं. नवं करायला आठ महिने लागले. या वेळी पट्ट्या नुसत्या वरून सोडल्या, आपल्याच वजनानं लोंबणाऱ्या, कुठं रुंद, कुठं बोटभर अरुंद कापलेल्या. मोटार नाही. खालून माणूस गेला की वाऱ्यानं त्या हलतात, शेजारच्या पट्टीला लागतात, आणि ती हालचाल हळूहळू दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. आधीचं जास्त देखणं होतं. हे मी कुणाला सांगत नाही.

मामांचं भय गेलं का, असं लोक विचारतात. उलट वाढलं. कारखान्याचं काम त्यांनी सोडलं, आणि काही महिने ते दार बंद झाल्याचा आवाज आला तरी उठून बसायचे. मामी आता पाहुण्यांना पायजम्याचं सांगत नाही. मी सांगायला लागले तर डोळे वटारते.

नवं शिल्प बघायला मामा आले नाहीत. मामी एकटी आली. बाकावर तासभर बसली आणि मला घेऊन घरी गेली. मामा दारातच उभे होते.

"मुलं होती का खाली?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ," मामी म्हणाली. "एक पोरगा तर खाली झोपलाच होता."

"झोपला होता?"

"हो, पुस्तक तोंडावर घेऊन."

मामा दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "आत या, चहा टाकतो."