शेऱ्याच्या रकान्यातली माणसं

आमच्या फॉर्मच्या तळाशी ‘शेरा’ असा दोन बोटं रुंद रकाना होता. बाकीच्या रकान्यांत आकडे गेले आणि किस्से सगळे इथं साचले. इतके, की शेवटी मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागलो!

नांदेडच्या आमच्या कॉलेजात कांबळे सर मानसशास्त्र शिकवायचे. वयाबरोबर माणसाचं मन कसं बदलतं, यावर त्यांचा प्रोजेक्ट होता. साठीपुढच्या माणसांना प्रश्न विचारायचे, आणि वर्षभरानं पुन्हा त्याच माणसांना तेच प्रश्न. मी त्यांचा असिस्टंट. दुष्काळाचे दिवस, शेजारी लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. आता सर नाहीत आणि मीच साठी ओलांडलीय. त्या जीपची, त्या ओट्यांची फार आठवण येते.

*

पहिला प्रश्न वयाचा. भोकरकडचे एक आजोबा म्हणाले, “तुमच्या मनानं लिव्हा.”

“असं कसं? खरं वय पाहिजे.”

“रेशनकार्डावर बी सायबानं त्याच्या मनानंच लिव्हलं. तवापासून मी तेवढाच हाय!”

*

माणसाला भान कितपत आहे हे तपासायला एक प्रश्न होता : ‘आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत?’ निलंग्याकडच्या एका गावात ओळीनं नऊ जणांनी “उस्मानाबाद” सांगितलं. सर हादरलेच. “अरे, अख्ख्या गावाची मेमरी गेली की काय!”

मी फॉर्म चाळले. प्रत्येकाच्या माथ्यावर ठळक छापलं होतं, ‘जिल्हा : उस्मानाबाद’. छापून घेतले होते सरांनीच!

दहाव्या आजोबांनी मात्र बरोबर “लातूर” सांगितलं. वर विचारलं, “जिल्हा बदलला ते ठीक हाय. पन टँकरवाल्याला कळलंय का?”

*

‘सर्वांत जास्त आठवण कोणाची येते?’ देवणीजवळच्या एका म्हाताऱ्यानं लगेच सांगितलं, “माणिकची.”

मी लिहिलं, ‘मुलगा’. “कुठं असतो?”

“छावणीत.”

“काय करतो तिथं?”

“काय करनार? सरकारी चारा खातो. घरी एक काडी न्हाई त्याच्यासाठी.”

मी ‘मुलगा’ खोडून ‘बैल’ लिहायला लागलो, तर म्हाताऱ्यानं माझा हात धरला. “खोडू नका सायेब. पहिलं होतं तेच ऱ्हाऊ द्या.”

*

मुलाखत एकांतात घ्यायची, असा सरांचा कडक नियम. पण गावात जीप आली की सगळी गल्ली भोवती बसायची. अशाच गर्दीत सरांनी एका म्हातारीला विचारलं, “तुम्हाला एकटं वाटतं का?”

तिनं भोवती नजर फिरवली. “आत्ता न्हाई वाटत. तुमी गेल्यावर वाटंल.”

सरांनी फॉर्म मिटला आणि चहा होईपर्यंत नुसते बसून राहिले.

*

आणि भोकरजवळच्या सगुणाबाई. त्यांना मी स्मरणशक्तीच्या चाचणीचे पाच शब्द सांगितले. अर्ध्या तासानं ते परत विचारायचे होते. इतक्यात टँकर आला! “थांब लेकरा, आलेच,” म्हणत म्हातारी घागर घेऊन पळाली. रांग काही सरेना, जीपला परतायचं होतं. मी लांबूनच ओरडलो, “आजी, पुढच्या वर्षी येऊन विचारतो!” त्यांनी रांगेतूनच हात हलवला. फॉर्मवरचा तो रकाना रिकामा राहिला.

पुढच्या वर्षी सरकारनं आमची जीप टँकरच्या देखरेखीला नेली आणि प्रोजेक्ट बंद पडला. ‘येतो’ म्हणून सांगून आलो होतो, ते मनाला लागून राहिलं. शेवटी तिसऱ्या वर्षी सुट्टी काढून एकटाच एसटीनं निघालो. वाटेत ते पाच शब्द आठवून पाहिले. मला तीनच आठवले.

सगुणाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी म्हटलं, “आजी, मी नांदेडचा, प्रश्न विचारणारा...”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि एकेक बोट मिटत म्हणाल्या, “कुलूप. चिंच. कंदील. शेळी. दोरी.”

मी खिशात पेन शोधायला लागलो.

“लिव्हलं का?” पदर सावरत त्या पुढं सरकल्या. “आता फुडले पाच सांग.”