तंबाखू लागली असेल

आमच्या निपाणीत डोकं दुखलं की कोणी कारण शोधत बसत नाही. तंबाखू लागली म्हटलं की झालं. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांना धुळीनं गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात. त्यावर औषधही ठरलेलं: गुळाचा खडा, पाणी आणि कपाळाला घट्ट बांधलेलं फडकं. लहानपणी आईला वखारीत डबा द्यायला गेले, की गुळासाठी मीही उगाच डोकं धरून बसायची.

आक्का, माझी थोरली बहीण, पुढं त्याच वखारीत लागली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दुपारी चाळता चाळता तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि खाली बसली. "डोक्यात कायतरी फुटल्यागत झालं," एवढंच म्हणाली. बायकांनी तिला घरी आणून सोडलं. आईनं गूळ भरवला, फडकं बांधलं, आतल्या खोलीत निजवलं. उलटी झाली तेव्हा आईला उलट बरंच वाटलं, तंबाखू उतरली म्हणून. दिवेलागणीला चहासाठी हाक मारली, तर आक्का उठेना.

तिला बेळगावच्या दवाखान्यात हलवलं. मी बेळगावातच शिकवते, त्यामुळे दवाखान्याच्या दारात आधी मी पोहोचले. आक्काला आणलं तेव्हा काहीच उरलं नव्हतं. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती, ती फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो फुगा कधीचा होता, कोण जाणे. आक्कालाही त्याचा पत्ता नव्हता. आईनं एकच विचारलं, लगेच आणलं असतं तर? कदाचित वाचली असती, डॉक्टर म्हणाले. पण पुष्कळदा लगेच आणूनही माणूस हाती लागत नाही. आईनं त्यातलं 'कदाचित' तेवढं ऐकलं. मला त्या डॉक्टरांच्या खरेपणाचा भयंकर राग आला. थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

हे कधी कधी भावंडांतही निघतं, तेव्हा तुम्हीही तपासून घ्या, असं ते मला म्हणाले होते. मी टाळत राहिले. शाळा, परीक्षा, सबबींना काय तोटा! खरं म्हणजे मी भ्याले होते. शेवटी मी तपासून घेत नाही म्हणून आई माझा फोनच घेईना, तेव्हा गेले.

माझ्याही डोक्यात फुगा निघाला, लहानसा. फुटेलच असं नाही, जन्मभर तसाच राहीलही. तपासत राहायचं, रक्तदाब सांभाळायचा, आणि कधी नव्हे असं डोकं अचानक दुखलं तर घरी थांबायचं नाही.

निपाणीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं, आईला सांगायचं, काही निघालं नाही. ती दारातच उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

सगळं ऐकून तिनं मला आत नेऊन बसवलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "डोकं दुखलं तर माझ्यापासनं लपवू नगंस गं. मी गूळ देणार न्हाय."