टिटवीच्या अंड्यांपाशी

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीतले एक गृहस्थ सरकारी कचेरीत हजेरी सांभाळतात. थंडी सरताना दर रविवारी आम्ही चार मराठी मंडळी यमुनेकाठच्या वाळूत फिरायला जातो, तेव्हा ते पक्ष्यांचीही हजेरी घेतात. "बगळे हजर, वहिनी. समुद्रावरून आलेले कुरव निम्मे रजेवर." यापलीकडे बोलणं नाही. मला ते बरं वाटतं.

परवा वाळूत टिटवीची चार अंडी दिसली. तेवढ्यात लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. फोटोग्राफर मुलीला म्हणाला, "मॅडम, इधर से भागते हुए आइए." म्हणजे थेट अंड्यांवरून.

एरवी अनोळखी माणसाला वेळही न विचारणारे हे गृहस्थ आडवे उभे राहिले. "यहाँ अंडे हैं."

"अंकल, बस दो मिनट!"

"दो सेकंड भी नहीं."

मुलीने वाकून बघितलं, लेहंगा दोन्ही हातांनी गोळा केला आणि म्हणाली, "भैया, उधर चलो ना."

फोटोवाली मंडळी लांब गेली. गृहस्थ घामाघूम झाले होते. आम्हालाही त्यांनी हातानेच मागे सारलं. ओरडत घिरट्या घालणारी टिटवी उतरून अंड्यांवर बसेपर्यंत त्यांनी कुणाला हलू दिलं नाही, आणि कुणी कुरकुरलंही नाही. मीसुद्धा.