हाफ पँटीत गाठलेली सासुरवाडी

चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या हेडमास्तरांना असा ठसका लागला की त्यांच्या पांढऱ्या शर्टाचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

तर मी भूगोलाचा मास्तर. घर लोणखेड्याला, शाळा शहाद्याला आणि सासुरवाडी प्रकाशाहून सहा किलोमीटरवर, तापीकाठच्या एका लहान गावात. सासरे गावचे पाटील, त्यांना दोन मुली आणि एक मुलगा. थोरली मंगल माझ्या वाट्याला आली. धाकटी ज्योती फ्रान्सला गेली, कारण तिचा नवरा निलेशराव तिकडे इंजिनियर आहे. म्हणजे माझा साडू. आता साडू हे नातं देवानं कशासाठी काढलं, तुम्हीच सांगा. भाऊ म्हणावा तर भांडता येत नाही, वैरी म्हणावा तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडीला मांडी लावून पुरणपोळी खावी लागते.

हे निलेशराव पळतात. कुणी मागे लागलेलं नसताना पळतात. ते राहतात ते शहर फार जुनं, ऐतिहासिक. त्याच्या नावात दहा अक्षरं आहेत आणि निलेशराव त्यातली चारच उच्चारतात. दर रविवारी घरच्या ग्रुपवर फोटो येतो आणि खाली मजकूर, 'आजचा रूट: किल्ल्याच्या भिंतीपासून द्राक्षमळ्यांतून, कालव्याच्या काठानं परत.' सासरे तो फोटो घेऊन थेट पारावर जातात.

"देखा, धाकला पाव्हणा किल्लाभवती पयस," धाकटा जावई किल्ल्याभोवती पळतो हे ते सगळ्यांना दाखवायचे.

मग कुणीतरी विचारायचं, "आनि मोठा पाव्हणा?"

"तो मास्तर शे," सासरे म्हणायचे. बस, एवढंच. वीस वर्षं जुन्या जावयाची किंमत तीन शब्दांत.

हे मला फार लागलं. अहो, प्रकाशा काय कालचं गाव आहे? तापी आहे, जुनी देवळं आहेत, घाट आहे, आजूबाजूला ऊस, केळी, पपई. फ्रान्सवाल्यांकडे असं काय जास्त आहे? त्यांनी पाट्या लावल्यात, आपण लावल्या नाहीत, एवढाच फरक. मी भूगोलाचा माणूस. एका रात्रीत नकाशा काढला आणि ग्रुपवर टाकला. 'तापी हेरिटेज रूट. घाट ते सासुरवाडी. सहा किलोमीटर. चढ नाही. दोन्ही बाजूंनी पपई व्ह्यू.' निलेशरावांनी अंगठा दाखवला. सासऱ्यांनी तेवढंही केलं नाही.

म्हटलं ठीक आहे. उद्या सकाळी पळतच दारात उभा राहतो. मग बघू पारावर काय सांगता ते.

पहाटे मंगल झोपेत होती. माझ्या फोनचं जीपीएस बिघडलेलं, म्हणून तो बंद करून घरीच ठेवला, तिचा फोन उचलला आणि दंडाला बांधला. न विचारता, हे वेगळं सांगायला नको. स्कूटर प्रकाशाच्या घाटावर लावली. नवी हाफ पँट, गुडघ्याच्या वर वीतभर. तोंडाला निलेशरावांनीच गेल्या वर्षी दिलेली उन्हाची क्रीम. इंटरनेटवरच्या फ्रेंच लेखात लिहिलं होतं की रूट मोजताना थांबायचं नाही, बोलायचं नाही, लय सोडायची नाही. मी तो आदेश मानला.

इथे एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. आमच्याकडे जावई सासुरवाडीला असा जात नाही. आधी फोन जातो. मग जावई गाडीवर येतो, इस्त्रीच्या कपड्यांत, हातात मिठाईचा पुडा. उजाडायच्या वेळी, पायी, उघड्या मांड्यांनी आणि रिकाम्या हातांनी जावई आला तर त्याचा अर्थ एकच, घरात मयत झालं. त्यात दुसरी रीत अशी की मयताचा निरोप घेऊन निघालेला माणूस वाटेत थांबत नाही, पाणी घेत नाही आणि घर गाठेपर्यंत तोंड उघडत नाही. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी मनानं फ्रान्सात होतो.

पहिल्याच पपईच्या शेतापाशी सुपडू आबा भेटले, सासऱ्यांचे शेतशेजारी. बैल सोडून पुढे आले.

"पाव्हणा, इतला सकाय कोठे? काय जयं?"

काय झालं ते मला सांगत बसायचं नव्हतं, आणि खरं सांगू का, बोलता येतही नव्हतं. मी एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्यानं गावाकडे बोट दाखवलं. आबांनी घाईघाईनं तांब्या पुढे केला. मी मान हलवली आणि हात जोडून पुढे निघालो.

तेवढ्यात क्रीम वितळून डोळ्यांत उतरली. अशी झोंबली की दोन्ही डोळ्यांतून धारा. मागून दूधवाला मोटरसायकलवर आला. मागे बसायची खूण करत तो म्हणाला, "बठा पाव्हणा, सोडी देस." मी रडवेल्या तोंडानं त्यालाही हात जोडले. त्यानं माझ्याकडे बघितलं, गाडीचा वेग वाढवला आणि दिसेनासा झाला.

पुढे फोन वाजायला लागला. पडद्यावर 'माहेर'. फोन घेतला असता तर नकाशाची रेघ तुटली असती. म्हणून कट केला. परत वाजला, परत कट. असं सात वेळा. मला वाटलं, सासूबाईंना मुलीशी गप्पा मारायच्या असतील, मारतील नंतर.

तिसऱ्या किलोमीटरला पोटात अशी कळ आली की उसाच्या बांधावर चांगला अर्धा तास आडवा झालो. हे निलेशरावांना सांगू नका.

गावात शिरलो तर पारावर कुत्रंही नाही. सासऱ्यांच्या दारात मात्र ही गर्दी. पुरुष डोक्याला रुमाल बांधून अंगणात बसलेले, आतून बायकांच्या रडण्याचा आवाज. सासरे गेले की काय? तर ते ओट्यावर मान खाली घालून बसलेले. सासूबाई? तर आतून सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. मी मागच्या मागे एका म्हाताऱ्याजवळ टेकलो. त्याला मोतीबिंदू, त्यानं मला ओळखलं नाही.

"कोण गेलं, आप्पा?"

"आंडेर गई रे भाऊ, पाटीलनी."

मुलगी. मंगलला तर मी गोधडीत झोपलेली बघून निघालो होतो. म्हणजे ज्योती. परमुलखात, एकटी. शपथेवर सांगतो, मला खरोखर रडू आलं. फार गुणी पोरगी. मी शेजारच्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि तोंडाला लावलं.

आत सासूबाई रडत होत्या. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नाहीत, रडता रडता सगळं आयुष्य मांडतात.

"मन्ही सोनानी पुतयी वं माय, कोन्हा गयामा बांधी दिधी मी तुले वंऽऽ"

माझे कान टवकारले. म्हणजे निलेशरावांबद्दल यांचं मत हे होतं? माणूस किती नीच असतो बघा. डोळ्यांत पाणी होतं आणि मनात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या.

"लगीनमा फटफटीसाठे रुसना, ताटवरतीन उठी गया वंऽऽ"

हं! निलेशराव फटफटीसाठी रुसले? मला कळलंच नव्हतं. रुसलो मीही होतो, पण ती जावयाची रीतच आहे, असं मी धरून चाललो होतो.

"ताप ऱ्हायना ते बी भाकरी तूच थापे वंऽऽ"

फ्रान्समध्ये तापातही भाकरी थापायला लावतो? ज्वारी कुठून आणत असेल? मी म्हाताऱ्याच्या कानाशी लागलो. "मी आधीपासून सांगत होतो आप्पा. वरून गोड बोलणारे असेच निघतात."

"खरं शे," आप्पा म्हणाले.

"तुन्हं लुगडं उचलीसन सोतानी बहीणले दी टाकं वंऽऽ"

इथे मी जरा अडखळलो, कारण बायकोचं लुगडं उचलून द्यायला निलेशरावांना बहीणच नाही. मानलेली असेल, म्हटलं. बघा, माणसानं ठरवलं की तो किती लांबपर्यंत ठरवू शकतो.

आणि मग सासूबाईंनी मोठा सूर लावला.

"त्या लोणखेडाना मास्तरले दिधी, तठेच मन्हं चुकनं वंऽऽ"

त्या घरातली मुलगी दिलेला लोणखेड्याचा मास्तर एकच. मी उभा राहिलो. का राहिलो, माहीत नाही. अख्खं अंगण वळलं. पुढे सासरे, मागे म्हातारा आणि मध्ये मी, हाफ पँटीत.

सासरे ओट्यावरून उठले. "मन्ही मंगल कशी गई?" त्यांनी विचारलं. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. चेष्टेची सगळी हौस तिथेच जिरली माझी.

"मामा, ती घरी आहे. झोपलेली आहे. मी नुसता पळत होतो."

"काब्र पयत व्हतात?"

का पळत होतो, याचं उत्तर फ्रेंच लेखात दिलेलं नव्हतं.

"मंग तिना फोन काब्र कट व्हई ऱ्हायना?" गर्दीतून दूधवाल्यानं विचारलं आणि तिथेच नंबर लावला. तर फोन वाजला माझ्या दंडावर. बायको गेलेली, आणि तिचा फोन नवऱ्याच्या दंडाला बांधलेला. आतल्या बायकांनी परत सूर धरला, तोही आधीपेक्षा वर. दोन जण तर माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले, म्हणजे मी पुन्हा पळू नये म्हणून.

माझा मेहुणा आधीच जीप काढून लोणखेड्याला गेला होता. ती जीप परत येईपर्यंतचा तो वेळ मी कसा काढला, ते माझं मला माहीत. शेवटी जीप आली. मंगल उतरली, कोपरापर्यंत पिठाचे हात, आणि पहिलं वाक्य काय? "मन्हा फोन कोठे शे?"

मग विचारू नका. सासूबाई तिच्या गळ्यात पडल्या, सासरे लहान पोरासारखे रडले, म्हातारे आप्पा म्हणाले, "ही ते जित्ती शे," आणि चुलीवर सगळ्यांसाठी चहाचं पातेलं चढलं. सासऱ्यांनी तिकडे फ्रान्सलाही कळवलं होतं म्हणे. निलेशराव झोपेतून उठून विमानाची तिकिटं बघायला लागले होते, आणि त्याचंही लोकांनी कौतुक केलं. सासरे डोळे पुसून माझ्याकडे आले. मला वाटलं, आता दोन शब्द बोलतील. त्यांनी आपलं एक धोतर माझ्या हातात दिलं.

"पहिले हाई गुंडाया," ते म्हणाले.

दुपारी मेहुण्यानं आम्हाला घाटावर सोडलं. मी धोतर सावरत स्कूटर काढली, मंगल मागे बसली. मला राहवेना. सासूबाईंनी रडताना काय काय मोजलं ते चहाच्या वेळी बायकांनी तिला इत्थंभूत सांगितलेलं मी ऐकलं होतं. एवढं सगळं बाहेर गेलंच कसं? घरातल्या गोष्टी घरात राहायला नकोत? मला रागही आला होता आणि लाजही वाटत होती.

मी गाडी हळू केली आणि म्हणालो, "मंगल, तू आईला माझ्याबद्दल सगळंच सांगून ठेवलं आहेस का गं?"

"नही," ती म्हणाली. "तिले ते मी अर्धंच सांगेल शे."