गार्डसाहेबांच्या सीनसाठी ड्राइव्ह

पुढं जे सांगणार आहे ते असंच घडलं का, याची मला खात्री नाही. माझी आठवण पूर्वीपासून बेताची. त्यातून आमच्या बैठकीत एकच गोष्ट तिघं तीन प्रकारे सांगतात, आणि पंचाईत अशी की मला तिन्ही पटतात!

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही. तीच ती माणसं रोज संध्याकाळी एका खोलीत बसायला लागली, की कॉम्प्युटरच्या मागं वायरी साठतात तसे ते साठत जातात. एक ओढायला जावं, तर गुंता होऊन दुसऱ्या दोन हातात येतात.

खोली माझी, पूर्णेतली. मी कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. मन्मथअप्पा कापडाचे व्यापारी. दुकान आता मुलगा बघतो, पण कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे आणि कापड चिमटीत धरून पाहायची सवय अजून तशीच. समोरचा माणूस बोलत असतो आणि अप्पा त्याच्या शर्टाची बाही चोळून बघत असतात. तिसरे गणपतराव. रेल्वेतले गार्ड. गार्डाला आता नवं नाव आलंय म्हणतात, पण आमच्यासाठी ते गार्डसाहेबच.

मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडं सोडून गेला. त्यातला डिस्क ड्राइव्ह मेलेला होता. बटण दाबलं की आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा, बस्स.

आणि एके दिवशी गार्डसाहेब एक डिस्क घेऊन आले.

*

फार वर्षांपूर्वी पूर्णा स्टेशनावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. भल्या सकाळी झालं, त्यामुळं पाहणारे थोडेच. त्या दिवशी गाडीवर ड्यूटी गार्डसाहेबांची. डायरेक्टरनं त्यांना सांगितलं, ‘तुम्ही नेहमीसारखी झेंडी दाखवा, आम्ही घेतो.’ साहेबांनी दाखवली. सिनेमा पडला. परभणीला येऊन कधी गेला ते कोणाला कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून गार्डसाहेब सांगत आलेत, की मी पिच्चरमध्ये आहे. आणि गयावहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणत आल्यात, “शूटिंग झालं, खरं हाय. पर तुमाला कोण घेतंय? लग्नाच्या फोटोत बी बाशिंगामागं लपून बसलेत!”

मोबाइलवर तो सिनेमा शोधून पाहिला, मिळाला नाही. शेवटी त्यांच्या साडूला हैदराबादेत फूटपाथवर ही डिस्क सापडली.

“सर,” गार्डसाहेब हळूच म्हणाले, “मला बाकी काई नको. हिनं एकदा पडद्याकडं बघून म्हणावं, ‘व्हय, तुमीच हायेत.’ बस!”

अप्पांनी लगेच निकाल दिला. “ड्राइव्ह सर आणतील. सरांनी उजेडावरच पीएचडी केलीय ना? डिस्कमधी उजेडच तर मारतात!”

आता हे खरं, की माझा प्रबंध प्रकाशशास्त्रावर आहे. पण प्रबंध लिहिलेल्या माणसाला ड्राइव्ह निवडता येतोच असं नाही. उलट मला तर वाटतं, येतच नाही.

*

मी आधी सगळ्यांना विषय समजावून सांगितला. साध्या डीव्हीडीला लाल लेसर, ब्लू-रेला निळा-जांभळा. निळ्याची तरंगलांबी कमी, म्हणून त्याला बारीक खुणा वाचता येतात, म्हणून तो महाग.

अप्पांनी मला थांबवलं. “लांबी कमी?”

“हो.”

“आन् भाव जास्त?”

“हो.”

“सर, आमच्या दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक ताग्यासकट तोंडावर फेकंल!”

ब्लू-रेचा विषय तिथंच संपला. तसाही साहेबांच्या डिस्कला त्याचा काही उपयोग नव्हता. पण ही गोष्ट मला दोन दिवसांनी सुचली.

*

आम्ही परभणीला दुकानात गेलो. मी विचारलं, “आवाज किती करतो? ओरखडे असलेली डिस्क वाचतो का? बाहेरून जोडायचा बरा की आत बसवायचा? आत बसवला आणि कॉम्प्युटरच बिघडला तर? बाहेरचा घेतला आणि वायर तुटली तर?”

दुकानदार शांतपणे म्हणाला, “काका, आणि घरी नेताना बसच पंक्चर झाली तर?”

मग गार्डसाहेब पुढं झाले. खोक्यावर वेगाचा आकडा छापलेला होता. तो त्यांनी चष्मा वर करून वाचला. “लय स्पीड दिसतोय हो. मला माझा सीन नीट बघायचाय. जरा हळू चालणारा दाखवा. एक्सप्रेस नको, पॅसेंजर द्या!”

“आजोबा, पॅसेंजर कोण बनवतंय आता? सगळ्या सुपरफास्ट.”

“मग ल्हान स्टेशनं घेती का?”

दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकवून हसला. मी मात्र गंभीर झालो. विचारलेला प्रश्न रास्त वाटला आणि उत्तर मला येत नव्हतं. त्या दिवशी आम्ही काही न घेता परत आलो.

*

त्यानंतरही मी दोनदा परभणीला गेलो आणि तसाच परतलो. एकदा तर खोकं हातात घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत आलो आणि परत आत जाऊन ठेवून दिलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, “अहो, मला पाहायला एकदाच आला होतात. तेही मान खाली घालून. आणि या डबडीला तीन चकरा?”

मी म्हणालो, “म्हणून तर आता नीट पाहून घेतोय!”

माझ्या आयुष्यातला हा बहुधा एकमेव हजरजबाबीपणा. त्या संध्याकाळी बैठकीला चहा आला नाही.

*

अखेर बाहेरून जोडायचा, वहीएवढा पातळ ड्राइव्ह घेतला. मी घेतला म्हणण्यापेक्षा दुकानदारानं माझ्या पिशवीत टाकला.

नवी वस्तू घरात आली की अप्पा तिला विभूती लावल्याशिवाय राहत नाहीत. शिलाई मशीन असो, स्कूटर असो की फ्रिज! तीन बोटं विभूतीत बुडवून ते तयार होते. मी बटण दाबलं, ट्रे बाहेर आला आणि अप्पांनी भक्तिभावानं त्यावर तीन पट्टे ओढले.

या पातळ ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच असते. अप्पांचं मधलं बोट नेमकं तिच्यावरून गेलं. मला ते दिसलं. मला माहीतही होतं. पण मनात आलं, देवाधर्माच्या वेळी टोकू नये. शिवाय माझंच चुकत असलं तर?

डिस्क घातली. ड्राइव्ह फिरफिर फिरला आणि ‘डिस्क नाही’ म्हणाला.

मी भीत भीत म्हणालो, “अप्पा, त्याच्या डोळ्यात विभूती गेली असावी.”

अप्पा दुखावले. “सर, मी साठ वर्षं लावायलोय. मला दिसायचं बंद झालंय का?”

यावर शास्त्रात उत्तर नाही. अप्पा घरी गेल्यावर मी कापसाला स्पिरिट लावून लेन्स पुसली. ड्राइव्ह चालू झाला. दुसऱ्या दिवशी अप्पा सगळ्यांना सांगत होते, “बघा, विभूतीला जरा टाइम लागतो!”

*

गार्डसाहेबांची डिस्क एकच, म्हणून चाचणी दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं ठरलं. अप्पांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाची डिस्क आणली. गयावहिनी हिच्याकडं कुरडयांचा चीक घोटायला आल्या होत्या, त्याही दारात उभ्या राहिल्या.

चित्र झकास येत होतं. मंगलाष्टकं झाली, पंगती सुरू झाल्या. पहिल्या पंगतीत गार्डसाहेब बसलेले दिसले. दुसऱ्या पंगतीत कॅमेरा फिरला, तिथंही गार्डसाहेब. तिसऱ्या पंगतीत ते जिलबी नको नको म्हणत घेत होते.

अप्पा हळूहळू मान वळवून त्यांच्याकडं बघायला लागले.

“ते... वाढप्यांवर लक्ष ठिवायला बसलो होतो,” साहेब म्हणाले.

दारातून वहिनी म्हणाल्या, “ह्या पिच्चरमधी मातर बराबर दिसायलेत!”

*

मग रविवारी दुपारी खरा खेळ. गल्लीतली माणसं आली. वहिनी ठेवणीतली साडी नेसून आल्या, पण येतानाच सांगितलं, “मी पिच्चर बघायला न्हाई आले. सरांच्या घरी बसायला आले.”

सिनेमा इतका वाईट होता की अप्पा सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपले. गार्डसाहेब मात्र दर पाच मिनिटांनी म्हणत, “आता येतंय. आता बघा!” आणि नायिका गाणं म्हणायची.

शेवटी आलं! पडद्यावर ‘पूर्णा’ अशी पाटी दिसली. टाळ्या पडल्या, अप्पा जागे झाले. प्लॅटफॉर्म दिसला, नायक धावत आला, इंजिनानं शिट्टी दिली. आणि चित्राचे चौकोन झाले. ड्राइव्ह घरघरला. सगळं थांबलं.

सगळे पडद्याकडं वाकले. मी ड्राइव्हला कान लावला.

पुन्हा चित्र आलं तेव्हा नायक मुंबईत आरशासमोर दाढी करत होता.

गार्डसाहेबांनी पडद्याकडं बोट दाखवलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “बघा! गाडी गार्डाबिगरच सुटली!”

सगळे हसले. साहेबही हसले. पण ते हसून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले, ते मला दिसलं.

*

माझी झोप उडाली. वाटायला लागलं, मीच चुकीचा ड्राइव्ह निवडला. आत बसवायचा घेतला असता तर? दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तर?

अप्पांनी डिस्कला टूथपेस्ट चोळली. त्यानं एवढंच झालं की आता सिनेमा पूर्णेच्या आधीच्या स्टेशनापासून अडखळायला लागला आणि खोलीला पुदिन्याचा वास यायला लागला.

मी डिस्क घेऊन कॉलेजात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर लावली. नेट कॅफेत लावली. अप्पांच्या भाच्याच्या टीव्हीखालच्या प्लेयरवर लावली. सगळे त्याच जागी उभे! म्हणजे दोष डिस्कचा. माझी निवड चुकली नव्हती.

मला इतका आनंद झाला म्हणता! आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. गार्डसाहेबांना सांगू कसं?

त्यांनीच माझी सुटका केली. “सर, ड्राइव्हनं त्याची ड्यूटी केली. सिग्नलच भेटला न्हाई, त्याला कोण काय करंल?”

*

पण बैठकीला त्या सिनेमाची सवय लागली. कोणाकडं पाहुणा आला की त्याला माझ्याकडं आणायचं, पूर्णेची पाटी दाखवायची, टाळ्या वाजवायच्या आणि चौकोन आले की चहा.

एकदा राणीसावरगावहून साहेबांचे व्याही आले होते. वहिनीही होत्या. चौकोन आले. व्याह्यांनी विचारलं, “आता यात तुमी कुठं?”

गार्डसाहेब उठले. खुर्चीवरचा माझा हिरवा टॉवेल घेतला, अडकलेल्या चित्राच्या बाजूला उभे राहिले, तोंडानं शिट्टी मारली आणि टॉवेल हलवला. गंमत नाही केली. पाठ ताठ, नजर लांब इंजिनाकडं, चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. आम्हाला वाटलं, आता खोलीच सुटते की काय!

कोणी हसलं नाही. मग वहिनी म्हणाल्या, “हात जरा खाली. एवढा वर न्हवता.”

साहेबांनी हात खाली घेतला आणि टॉवेल पुन्हा हलवला.

“हां. आता बसा,” वहिनी म्हणाल्या. आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या आधी त्यांनी साहेबांना चहा दिला.

*

यालाही आता वर्षं झाली. ड्राइव्ह अजून चालतो, पण त्यात घालायला कोणाकडं काही उरलं नाही.

परवा मोबाइलवर भजन शोधताना तो सिनेमा अचानक समोर आला. कोणीतरी अख्खा चढवला होता. चौकोन नाहीत, ओरखडे नाहीत. मी पूर्णेपर्यंत आलो. पाटी, प्लॅटफॉर्म, नायक, शिट्टी. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला.

गार्डाच्या डब्यातून एक हात बाहेर आलेला दिसतो. खांद्यापासून पुढं, हिरवी झेंडी धरलेला, फार वर न नेलेला. चेहरा चौकटीच्या बाहेर आहे. गाडी हलते, हात निघून जातो.

मग रिकाम्या प्लॅटफॉर्मवर जे दिसतं, ते मी मागं नेऊन पुन्हापुन्हा पाहिलं. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून हिला बोलावलं. काय बघायचं ते सांगितलं नाही. निरीक्षकाला उत्तर आधी सांगायचं नसतं.

हिनं चष्मा लावला. हात आला आणि गेला. मग एकदम मोबाइल उचलून डोळ्यांजवळ नेला.

“अगं बाई! या तर गयावहिनी! जेवणाचा डबा घेऊन उभ्यात... आणि अहो, कॅमेऱ्याकडं बघून हसतायत की!”